पाळणाघराचे पैसे कोण देणार?

'पाळणाघर' म्हटलं की इंदूरमध्ये समोरचा विचारतो, "म्हणजे झूलाघर ना?" नाव काहीही घ्या, एकट्या आईच्या पगाराचा मोठा वाटा तिथेच जातो. यात सरकार किती हातभार लावतं?

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या नोकरदार पालकांना युनिव्हर्सल क्रेडिटमधून हा खर्च ठरावीक मर्यादेत ८५ टक्क्यांपर्यंत परत मिळतो. अशी सरसकट भरपाई आपल्याकडे नाही. इथे आई कुठे काम करते, त्यावर सगळं ठरतं.

केंद्र सरकारी नोकरी असेल तर उत्तमच. संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा, त्यातले पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. २०१८ पासून ही रजा एकट्या वडिलांनाही मिळते. खासगी कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर २०१७ च्या कायदा-दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येतं.

पण आमच्या पॅरिशमधल्या एक ताई राजवाड्याजवळ कपड्यांच्या दुकानात आहेत. तिथे माणसं मोजून सहा! त्यांच्यासाठी उरते 'पालना' योजना. २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली आलेल्या या योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. आई नोकरी करते की नाही, याची अट नाही. चांगलंच आहे, फक्त दुकान साडेसात तासांत बंद होत नाही. संध्याकाळचं काय, ते ताईंनीच बघायचं.

रोख मदतही आहे. मिशन वात्सल्यच्या स्पॉन्सरशिपमध्ये विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईच्या मुलासाठी महिना ४,००० रुपये मिळू शकतात. शहरात अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या वर नको. म्हणजे महिन्याला आठ हजार! पूर्ण दिवस राबून नऊ हजार मिळाले तर बाई बाद. मला ही अट उलटीच वाटते: काम करता यावं म्हणून मदत हवी आणि काम नीट केलं की मदत जाते.

तरी ओळखीत कुणी या मर्यादेत बसत असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायला सांगा. आणि 'पालना'चं केंद्र जवळ आहे का, ते आधी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंना विचारा.