वधूची मोटार

इंग्लंडांतील वधू विवाहाच्या दिवशीं घरून निघते ती आपल्या पित्याच्या शेजारीं बसून. आपल्याकडे भाचीला बोहल्याजवळ आणण्याचा मान मामाचा. तिकडे तो बापाचा. घर आणि प्रार्थनामंदिर यांमधील अंतर पुष्कळदां इतकें थोडें असतें कीं, तें पायींहि तोडतां यावें. तरीहि त्या प्रवासासाठीं जुनी, उंच आणि भारदस्त मोटार भाड्यानें आणावयाची, तिच्या नाकावरील मूर्तीपासून समोरच्या कांचेच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पांढरी फीत ताणून बांधावयाची, ही हौस सामान्य गृहस्थहि पुरवितात. मुलगी बापाच्या घरची म्हणून जो शेवटचा घटकाभर वेळ उरतो, तो ह्या गाडींत जातो.

ह्या कामीं रोल्स-रॉइसचें नांव पुढें येतें, तें केवळ किंमतीमुळें नव्हे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हा कारखाना संपूर्ण मोटार विकीतच नसे. इंजिन, चाकें आणि सांगाडा एवढेंच तो देई. वरचें घर बार्कर, हूपर यांसारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणें चढवीत. हीं घराणीं मूळचीं घोड्यांच्या बग्ग्या बांधणारीं. त्यामुळें उंच छप्पर, रुंद दार आणि प्रशस्त आसन हा बग्गीचा ऐसपैसपणा मोटारींत उतरला. डोक्यावरील ओढणी आणि मागें लोळणारा घोळदार झगा सांभाळीत आंत शिरणाऱ्या वधूला त्याचा किती उपयोग होतो, हें आजच्या ठेंगण्या गाडींत वाकून बसणारास सहज पटेल.

दुसरा गुण इंजिनाचा. मिरवणुकीची मंद गति ही मोटारीची खरी परीक्षा होय. वेगानें धांवणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर वारा आपोआप आदळतो. माणसाच्या पावलानें चालणारीला तो मिळत नाहीं, आणि पाणी तापूं लागतें. लहान इंजिन तर हिसके देऊन बंदहि पडतें. ह्याच कारखान्याच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ नांवाच्या सहा सिलिंडरांच्या गाडीनें 1911 सालीं लंडन ते एडिंबरो आणि परत, असा सुमारें 800 मैलांचा प्रवास केवळ सर्वांत वरच्या गिअरमध्यें केला. चढ असो वा गांवांतील गर्दी, गिअर बदलणें नाहीं! मंद चालींतहि न अडखळणारी ही ताकद विवाहाच्या गाडीला पहिल्या प्रतीची.

राजघराण्यांतील दोन गाड्यांचा इतिहास ह्या संदर्भांत मोठा मनोरंजक आहे. ‘फँटम सहावी’ ही एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणास 1977 सालीं 25 वर्षें पुरीं झालीं, त्या निमित्त ब्रिटिश मोटार-उत्पादकांच्या संघानें दिलेली भेट. तिचें छप्पर मुद्दाम उंच ठेवून मागील भाग पारदर्शक केलेला आहे. आंतील व्यक्ति रस्त्यावरील लोकांस दिसावी हा हेतु. डिसेंबर 2010 मध्यें लंडन येथें शिक्षणशुल्काच्या वाढीनें खवळलेल्या विद्यार्थ्यांच्या जमावांत युवराज चार्ल्स व कॅमिला यांना घेऊन जाणारी हीच गाडी सांपडली. तिच्यावर रंग फेकला गेला, एक कांच तडकली. दिसण्यासाठीं बांधलेली गाडी लपणार तरी कशी? परंतु पांच महिने पुरे होण्याआधींच, 29 एप्रिल 2011 रोजीं, तीच गाडी दुरुस्त होऊन कॅथरीन मिडलटन आणि तिचे वडील यांना घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दारीं उभी राहिली. वधूची ओढणी पारदर्शक छपराखालीं रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांस स्पष्ट दिसत होती.

दुसरी ‘फँटम चौथी’. ह्या जातीच्या अवघ्या 18 गाड्या झाल्या; पहिली 1950 सालीं, राणी होण्यापूर्वींच, राजकन्या एलिझाबेथ हिच्याकडे आली. एका रांगेंत आठ सिलिंडर असलेली ही गाडी 19 मे 2018 रोजीं वधू मेगन मार्कल हिला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलकडे घेऊन गेली. वधूपेक्षां गाडी 31 वर्षांनीं वडील! वडिलांचें येणें न झाल्यामुळें पित्याच्या आसनावर त्या दिवशीं वधूची आई बसली होती.

दोन्ही विवाहांत मोटारीचें काम वधूला दारापर्यंत पोंचविण्याचें. विधि आटोपल्यावर नवदंपती बाहेर आलें, तें मात्र घोड्यांच्या उघड्या गाडींत बसून निघालें.