जेवायला हाक मारली तरी पोरगा उठत का नाही?

वस्तीत पालकांशी बोलताना एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते : "जेवायला दहा हाका मारल्या तरी पोरगा मोबाईल सोडत नाही." पोरगा उद्धट झाला, असा अर्थ लगेच लावला जातो. पण फ्री फायर मॅक्सचा एक डाव दहा-पंधरा मिनिटे चालतो, बीजीएमआयचा अर्ध्या तासापर्यंत, आणि तो मध्येच थांबवता येत नाही. उठला तर संघातले मित्र अडचणीत येतात, दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी खावी लागतात. आईची हाक आणि मित्रांना दिलेला शब्द, या दोन्हींत तो अडकलेला असतो.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, मैदानात गाड्या उभ्या, वर्गात मागचा बाक. अशा मुलाला गेममध्ये रँक मिळते, अनोळखी मुले 'भाई' म्हणतात. ओढ वाटली तर नवल काय? त्यात लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी उसनवारीने घेतलेला मोबाईल हातात राहिलाच.

गेम फुकट, मग कंपनी कमावते कुठून? बंदुकीच्या स्किन, पोशाख घ्यायला आधी डायमंड किंवा यूसी विकत घ्यायचे. रुपये डोळ्यांसमोर नसतात, म्हणून किती गेले ते मुलाला उमगत नाही. काही पेट्यांत काय निघेल हे तर पैसे भरल्यावरच कळते. म्हणजे सोडतच! बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर बंदी आणली. स्किनची खरेदी मात्र सुरूच आहे.

जागतिक आरोग्य संघटना गेमिंगच्या विकाराला आजार मानते. पण त्यासाठी ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारण वर्षभर दिसावे लागते. तासभर खेळणाऱ्याला 'व्यसनी' म्हणून मारू नये. झोप उडाली, शाळा बुडू लागली, खात्यातून पैसे जाऊ लागले, तर वर्षभर वाट न पाहता १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलावे.

घरभेटीला गेल्यावर आपण पालकांना दोन गोष्टी सांगू शकतो. यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका. आणि वेळ मिनिटांत नको, डावांत ठरवा : "दोन डाव, मग जेवण." ही भाषा मुलांना पटते. संध्याकाळी समाजमंदिराचे कुलूप उघडून कॅरम मांडणे मात्र आपल्याकडेच आहे.