खाट परत देताना

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते. गेली बारा-तेरा वर्षं मी आमच्या महिला मंडळाचं काम करते. रक्तदाब तपासणी, डोळ्यांची शिबिरं, बचतगटांच्या बैठका... कुठल्या कचेरीत कुठला कागद लागतो हे विचारायला बायका माझ्याकडे येतात. आणि माझी स्वतःची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्यासाठी आपल्या गावात काय मिळतं, कोण मिळतं, यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं!

२०२३ चं नवरात्र, दुसरी माळ. आई वाईला एकटी राहायची. वय चौऱ्याहत्तर. सकाळी शेजारच्या काकूंना तिचं दार उघडलेलं दिसेना, म्हणून त्यांनी हाका मारल्या. आई मोरीच्या उंबऱ्याशी पडलेली. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं एक इंजेक्शन असतं, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण ती रात्री केव्हा पडली हेच कुणाला सांगता येईना. १०८ ची गाडी आली, साताऱ्याला नेलं, नवव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं होती आणि खाली एक ओळ : 'घरी योग्य देखभाल घ्यावी.' ती योग्य देखभाल म्हणजे काय, ती करायची कुणी आणि कशी, हे सांगायला तिथे कुणाला सवड नव्हती.

भाऊ पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. म्हणून आईला मी माझ्या घरी आणलं. इथून दीड तासावर तिचं घर, पण तिच्या लेखी ते अंतर फार मोठं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस ठीक, आजारी पडून राहायचं म्हणजे काय! बोलणं अजून धड कळत नव्हतं, पण 'वाई' हा शब्द मात्र स्पष्ट यायचा. दिवसातून दहा वेळा.

माझे यजमान चांगले आहेत. सासूबाईंनीही कधी तोंड वाकडं केलं नाही. पण नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या नि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "मुलगा असताना लेकीनं करायचं म्हणजे..." वाक्य अर्धंच सोडलं. मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे ना, त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगाही आणि मुलगीही. कायद्याने दोघांना एका ओळीत बसवलंय. आपणच अजून बसवलेलं नाही.

मी ठरवलं, सगळं आपणच करायचं. बाई ठेवली तर लोक म्हणतील, आईचं करायलाही हिला माणूस लागतं. पहाटे पाचला उठून आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, मग घरचा डबा, सासूबाईंचं पथ्य. मंडळात जाणं बंद झालं. नेहमीच्या दिवाणावर आईला झोपवलं होतं. तो इतका बुटका, की तिला उचलून बसवताना माझ्या कमरेत कळ यायची. भाऊ रोज रात्री फोन करायचा, "काय लागेल ते सांग, पैसे पाठवतो." काय लागेल तेच मला माहीत नव्हतं, तर सांगणार काय?

तिसऱ्या आठवड्यात आमच्या वॉर्डातली आशाताई तिच्या नेहमीच्या फेरीला आली. आईचा रक्तदाब मोजला, मग सहज म्हणाली, "आजींना जरा कुशीवर करू का?" केलं. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा काळपट लाल झाली होती, मधे कातडं सोललेलं. मी रोज तिथे पावडर लावत होते, पण नीट पाहिलं नव्हतं. लाजेने तीही पाहू देत नव्हती. आशाताई रागावली नाही. म्हणाली, "ताई, ही तर सुरुवात आहे. आता दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा. आणि हवेची गादी आणा."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकी शिबिरं घेतली, आणि आपल्या आईच्या पाठीला जखम होईपर्यंत कळलं नाही...

हवेची गादी विकत घ्यायला निघाले, तर औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "विकत कशाला घेताय? देवळामागच्या खोलीत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे की." मी त्या देवळात दर गुरुवारी जाते, बरं का! मागच्या खोलीला कुलूप दिसायचं, मला वाटायचं उत्सवाची भांडी असतील. संध्याकाळी साडेपाच ते सात ती खोली उघडी असते. आत हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते अशा खाटा, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या. अनामत रक्कम ठेवायची, महिन्याला नाममात्र भाडं, वस्तू परत दिली की अनामत परत. अशी केंद्रं गावोगावी आहेत. कुठे रोटरी चालवतं, कुठे एखादी सेवाभावी संस्था, कुठे एखाद्या घराण्याने आजोबांच्या स्मरणार्थ सुरू केलेलं असतं. पाटी मात्र क्वचितच नीट दिसेल अशी लावलेली.

तिथे एक लांबुळकी नोंदवही होती. तारीख, नाव, वस्तू, सही. सही करताना माझी नजर वरच्या ओळींवर गेली. आमच्याच गल्लीतली तीन नावं! कोपऱ्यावरच्या शिक्षिका, पिठाच्या गिरणीवाले आणि माझ्या भिशीतली मैत्रीण. तिच्या सासऱ्यांनी आठ महिने अंथरुणात काढले होते, आणि आम्ही दर महिन्याला भिशीत साडीच्या रंगावर बोलत होतो. तिने कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

त्याच रात्री तिच्याकडे गेले. तिने आधी चहा टाकला आणि मग जे सांगितलं ते कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. भरवताना पाठ सरळ करून बसवायचं, आडवं असताना पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही, पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज बरी. घाईने भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, मग न्यूमोनियाचं निमित्त. मालिशवाल्याकडे वेळ घालवू नकोस, व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठ, पहिले तीन महिने महत्त्वाचे. उपजिल्हा रुग्णालयात तो कोणत्या वारी बसतो तेही तिला पाठ. आणि शेवटी म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचं करायला मावशी होत्या, त्यांना विचारू का?"

मावशी आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेल्या. सकाळी आठ ते दुपारी दोन. मी त्यांना आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी देते. हे मुद्दाम लिहिते. आपल्या आईची स्वच्छता करणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करणारे आपण लोक दवाखान्याचं बिल मात्र निमूट भरतो.

आईने पहिल्या दिवशी मावशींना हात लावू दिला नाही. डाव्या मुठीत चादर घट्ट धरून ठेवली. परक्या बाईने आंघोळ घालायची? मावशींनी चादर सोडवली नाही. शेजारी बसून विचारत राहिल्या, वाईला गणपतीच्या घाटावर पूर्वी पाणी कुठवर यायचं, धुणं कुठे धुवायचे. आई अडखळत, हाताने दाखवत सांगत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून मूठ सोडली. मला हे जमलं नसतं. मी लेक होते ना, मला घाई होती.

आता कागदांचं. आईला वडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. उजवा हात गेला, सही कशी करणार? बँकेत गेले, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजींना इथे आणावं लागेल." मी हात जोडून परत आले. ते चुकलंच. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, फक्त दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा माणूस. आणि सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. हे मला ज्येष्ठ नागरिक संघातल्या निवृत्त बँकवाल्या आजोबांनी सांगितलं. लेखी अर्ज दिला आणि चार दिवसांत माणूस घरी आला. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तर पोस्टमनदादा घरी येऊन यंत्रावर करून देतात, पोस्टाच्या बँकेचं शुल्क सत्तर रुपये. बोटांचे ठसे उमटले नाहीत तर चेहऱ्यावरूनही होतो.

त्याच आजोबांच्या सांगण्यावरून पुढे आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधार कार्डावर ते मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या रुग्णालयात. पण एक लक्षात ठेवा, हे सगळं दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. घरातली मावशी, डायपर, हवेची गादी यांचा खर्च त्यात येत नाही. आणि म्हातारपणातलं आजारपण बहुतेक घरातच काढायचं असतं! हा हिशेब करताना भावाला पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. "पैसे पाठव, मावशींचे आणि डायपरचे. आणि महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू इथे यायचंस. मी त्या दिवशी बाहेर जाणार." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. पण आला. पहिल्यांदा आईचे कपडे बदलताना गोंधळला, मावशींनी शिकवलं. गेल्या दोन वर्षांत दोन-तीन खाडे सोडले तर येतोच. वहिनीही येते.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदतक्रमांकही आहे, फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ. कुठल्या योजनेसाठी कुठे जायचं, जवळपास काय सोय आहे हे तिथे विचारता येतं. जिच्या आजूबाजूला विचारायला कुणीच नाही तिनं हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. माझ्या भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या पानामागे मी असे नंबर लिहीत गेले. फिजिओ, मावशी, रात्रीपुरत्या येणाऱ्या दुसऱ्या मावशी, घरी येऊन रक्त तपासायला नेणारा मुलगा, चाकाची खुर्ची मावेल अशी रिक्षा असलेले दादा. वर्ष संपलं तेव्हा ते पान फाडवेना.

पाठीची जखम भरायला दोन महिने लागले. आई आता चार पायांची काठी घेऊन मोरीपर्यंत जाते. उजवा हात तसाच आहे. डाव्या हाताने मटार सोलते आणि मावशींच्या भाकरीला नावं ठेवते. मे महिन्यात तिला चार दिवस वाईला नेलं होतं. उंबरा ओलांडून आत गेली, देवासमोर बसली, आणि चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चल."

गेल्या आठवड्यात खाट परत दिली. आता तिला साधा उंचसर पलंग पुरतो. टेम्पोतून खाट उतरवली तेव्हा केंद्राच्या दारात एक बाई उभी होती, वडिलांसाठी न्यायला आलेली. पस्तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, हातात दवाखान्याची पिशवी. नोंदवहीत मी 'परत' लिहून सही केली, खालच्या ओळीत तिने केली. सही करता करता तिची नजर माझ्यासारखीच वरच्या नावांवर गेली.

"ताई, ही तुमचीच होती का? हे हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं हो?"

मी वाकून तिला दाखवलं. मग पिशवीतून कागद काढला आणि विचारलं, "कूस कोण बदलतं रात्री?"