शाहजादा जेम : साडेबारा वर्षांची कैद

आपला बेळगावचा मुलूख दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या घराण्याचा मूळ पुरुष यूसुफ आदिलशहा हा तुर्कस्तानच्या सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा. नव्या सुलतानाने भावाला मारू नये म्हणून आईने त्याला गुपचूप देशाबाहेर धाडले, अशी हकीगत फेरिश्त्याने लिहिली आहे. बहुतेक इतिहासकार ती खरी मानीत नाहीत. परंतु ती लोकांना पटावी अशीच त्या उस्मानी घराण्याची रीत होती. मुरादचा नातू जेम याचे चरित्र वाचताना मला ती रीत नीट उमगली.

उस्मानी घराण्यात थोरल्यानेच गादीवर बसावे असा नियम नव्हता. राजपुत्रांना एकेक प्रांत नेमून दिलेला असे. बाप वारला, की जो आधी राजधानी गाठून सैन्य आपलेसे करी तो सुलतान होई. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या महंमदाच्या कानूनाने तर राज्याच्या स्वास्थ्यासाठी नव्या सुलतानाने भावांना मारणे योग्य ठरविले. जेम हा त्याचाच धाकटा मुलगा. जन्म १४५९ चा, वृत्तीने कवी.

मे १४८१ मध्ये महंमद वारला आणि थोरला बायझीद आधी राजधानीत पोहोचला. जेमने बुर्सा शहर घेऊन अठरा दिवस स्वतःच्या नावाने राज्य केले. आजी लागणाऱ्या सेल्चुक खातूनला मध्यस्थ धाडून त्याने वाटणी सुचविली : युरोप तुला, आशिया मला. बायझीदाने ती धुडकावली. लढाईत हरलेला जेम कैरोला गेला, मक्केची यात्रा करून आला, पुन्हा लढून फसला आणि १४८२ मध्ये रोड्स बेटावरील ख्रिस्ती नाइटांच्या आश्रयास गेला.

हा आश्रय म्हणजे कैदच ठरली. जेमला सोडू नये म्हणून बायझीद दरसाल सुमारे ४० हजार सोन्याची नाणी मोजू लागला. जेम काही वर्षे फ्रान्समधील किल्ल्यांत आणि १४८९ पासून रोममध्ये पोपच्या ताब्यात राहिला. तो परक्यांच्या हाती होता तोवर युरोपवर मोठी स्वारी करायला बायझीदही कचरत असे. शेवटी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स त्याला रोमहून आपल्याबरोबर घेऊन निघाला. फेब्रुवारी १४९५ मध्ये नेपल्स येथे जेम मरण पावला. विषप्रयोगाची वदंता उठली. ती सिद्ध झाली नाही. १४९९ मध्ये त्याचे शव बुर्सात पुरले गेले.

एवढ्याने हे वैर संपले नाही. १५२२ च्या अखेरीस बायझीदाचा नातू सुलेमान याने रोड्स जिंकले, तेव्हा तेथे राहणारा जेमचा मुलगा मुराद मारला गेला. बाप मरून सत्तावीस वर्षे लोटली होती, तरी रक्ताचा हक्क शिल्लक होता.

या साऱ्याचा दोष एकट्या बायझीदाच्या क्रौर्यावर टाकणे मला पटत नाही. जेम जिंकता, तर त्यालाही तोच कानून लागू होता. वारस आधी ठरलेला नाही आणि राज्य वाटून घ्यायचे नाही, अशी व्यवस्था असली की भावाचे नुसते जिवंत असणे हाच गुन्हा होतो. १६१७ मध्ये सुलतान अहमदामागून त्याचा भाऊ मुस्तफा गादीवर आला आणि घराण्यातील वडील पुरुषाला गादी देण्याची चाल हळूहळू रुजली. पण त्याआधी कित्येक राजपुत्रांचे बळी पडले होते.