ढोक कीं मरळीचें पिलूं?

चिखली तालुक्यांत अमडापूरच्या बाजूस, घाटावरच्या मुलखांत, पावसाळा सरला म्हणजे नाल्यांची धार तुटते व पाणी डबक्या-डोहांतच उरतें. अशा पाण्यांत सापासारख्या डोक्याचा, वीतभर लांबीचा, गळास झटकन् लागणारा मासा मिळतो. त्यास मरळीचें पिलूं समजून, वाढेल या आशेनें शेततळ्यांत सोडण्याचा मोह होणें साहजिक आहे. परंतु तो पुष्कळदां पुरा वाढलेला ढोक असतो. त्यास कितीही दिवस पोसलें तरी तो वीतभरच राहावयाचा. मरळ मात्र हातभर व त्याहूनही मोठी होते. सबब मासा सोडण्यापूर्वीं त्याची पारख करावी.

ढोकाचें शास्त्रीय नांव चन्ना गाचुआ. हॅमिल्टन या पंडितानें गंगेच्या माशांवरील ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. मासा ओल्या हातानें धरावा व उजेडांत त्याचा कल्ल्यामागील पर पसरून पाहावा. त्यावर काळसर, कमानदार पट्टे एकाआड एक दिसले आणि पाठीच्या व शेपटीच्या परांस नारिंगी कांठ असला, तर तो ढोक जाणावा. मरळीच्या (चन्ना स्ट्रायाटा) त्या परावर असे पट्टे नसतात. तिच्या अंगावर तिरपे काळसर पट्टे असून पोट फिकें असतें.

वस्तीवरूनही अंदाज बांधतां येतो. ढोक लहान ओढ्यांत, दगडांच्या कपारींत व कांठच्या मुळ्यांखालीं दडतो. मरळीस संथ, गाळाचें व पाणवनस्पतींनीं भरलेलें पाणी मानवतें. दोघांसही वर येऊन हवा घेतां येते, म्हणून इतर मासे मरतात अशा कोंदट पाण्यांतही ते तग धरतात. वीण पावसाळ्यांत होते. मरळ पाण्यावर तरंगणारीं आपलीं अंडीं राखते व तिचीं तांबूस पिलें थव्यानें फिरतात; ढोकाचा नर अंडीं तोंडांतच सांभाळतो. या वेळीं राखणदार मासा मारला तर सारी वीण जाते.

ढोक ओळखूं आला कीं तो नाल्यांतच राहूं द्यावा. मरळ तळ्यांत सोडावयाची असल्यास कटला, रोहू, मृगळ यांचें बोटभर बीज तेथें ठेवूं नये; ती तें खाऊन टाकील. आणि उन्हाळ्यांत उरलेल्या डोहांत विष घालून मासे धरण्याची रीत तर सर्वथा टाकावी. पुढील पावसांत सारा नाला ज्यांनीं भरावयाचा, ते मासे त्याच डोहांत असतात. पेरणीचें बियाणें कोणी दळीत नाहीं. डोहाचाही हिशेब तोच आहे.