सरळ विचारावे

१९९७ च्या मार्चमधली गोष्ट. तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत एक कॅशियर होते. रोकड कधी एका रुपयाने चुकायची नाही. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "साहेब, माझ्या सगळ्या खात्यांना नॉमिनेशन लागलंय ना, एकदा बघता का?" मी पाहिले, सगळे ठीक होते. 'तुमच्यासारखा व्यवस्थित माणूस नाही,' असे वर कौतुकही केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीचे कर्ज फेडून टाकले आणि आपले आवडते पेन शिपायाच्या मुलाला दिले. तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर त्यांना थांबवून घेतले. पण शब्द फुटेना. नसलेला विचार आपणच त्यांच्या डोक्यात घातला तर? शेवटी विचारलेच, "जीव द्यावा असं मनात येतं का हो?"

ते बराच वेळ गप्प होते. मग रडले.

माझी भीती खोटी होती. सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो, असे मानसोपचारतज्ज्ञही सांगतात.

पण चूक मी पुढे केली. पक्की नोकरी, हुशार मुले अशी जमेची बाजू वाचून दाखवू लागलो. ते पुन्हा मिटले. मग मी गप्प बसलो आणि नुसते ऐकले. रात्री त्यांना घरी पोचवले. त्यांना सांगूनच त्यांच्या भावाला बोलावून घेतले. जिवाला धोका होईल अशा वस्तू घरातून हलवल्या, रात्रभर एकटे सोडले नाही आणि सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेले. पुढेही महिनोन् महिने रोज त्यांच्याबरोबर चहा घेत राहिलो. ते वेळेवर निवृत्त झाले.

तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्यामुळे घरचे लोक बोलायलाही बिचकत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली असतो हे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही. धोका अगदी समोर असेल तर ११२ फिरवावा, किंवा सरळ रुग्णालय गाठावे. माणसाला एकटे मात्र सोडू नये.

नॉमिनेशन बरोबर आहे का, हे मी त्या दिवशी लगेच पाहिले होते. ते का विचारताहेत, हे विचारायला मला एक दिवस लागला. तो दिवस हाती उरला, हे माझे नशीब.