दर्शनी शोभा आणि मुलांची सुरक्षा

अरेरा कॉलनीतल्या स्वतंत्र बंगल्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला खिडकीस गज बसविण्यासाठी कोणाची अनुमती लागते, हे ठाऊकच नव्हते. आज आपली मुले-सुना कोलार रस्त्यावरील बहुमजली संकुलांत संसार थाटतात, तेव्हा प्रथमच कळते की खिडकी आपली असली तरी तिची बाहेरची बाजू सर्वांची असते. ग्रिल, सज्जावरील छत, भिंतीचा रंग, या साऱ्यांसाठी समितीपुढे अर्ज करावा लागतो.

हे नियम अनाठायी मुळीच नाहीत. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी आवश्यक असते. तेथील १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने इमारतीच्या मजबुतीस वा सुरक्षिततेस बाध आणणारे, तिचे मूल्य घटविणारे काम इतर सर्व मालकांच्या संमतीविना करण्यास मनाई केली आहे. चंडीगढमध्ये तर ल कार्बुझिए यांच्या काळापासून कित्येक घरांच्या दर्शनी चौकटीवर, कुंपणावर आणि फाटकावरही नियंत्रण आहे. एकाने मन मानेल तसा सज्जा बंद केला, तर त्याचा भार व गळती खालच्याला सोसावी लागते.

परंतु बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला एक भेद करावासा वाटतो. हौसेसाठी केलेला बदल आणि लेकराच्या जिवासाठी केलेला बदल एकाच फायलीत ठेवता येणार नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते; खिडकीतून वाकताच तोल पुढे जातो. मच्छरांची जाळी डासांना अडविते, मुलाला नव्हे. म्हणूनच लसीकरणाच्या वेळी मी आईवडिलांना विचारते, "घर कितव्या मजल्यावर आहे? खिडकीजवळ पलंग आहे का?" समितीचे उत्तर येण्यास तीन महिने लागले, तर तेवढ्या अवधीत रांगणारे मूल उभे राहते आणि खुर्चीवर चढू लागते.

न्यूयॉर्कचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथील आरोग्य विभागाने १९७२ मध्ये 'मुलांना उडता येत नाही' या अर्थाच्या नावाची मोहीम आरंभिली. पालकांचे प्रबोधन केले, खिडक्यांचे कठडे विनामूल्य दिले. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात पडण्याच्या घटना निम्म्याने घटल्या. पुढे १९७६ मध्ये दहा वर्षांपर्यंतची मुले राहतात अशा बहुकुटुंबी इमारतींतील सदनिकांत कठडे पुरविणे घरमालकांवर बंधनकारक झाले. आगीच्या वेळी सुटकेसाठी असलेल्या खिडक्या मात्र त्यातून वगळल्या.

आपणांपैकी अनेकजण आपापल्या संकुलाच्या समितीवर आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच : सर्वसाधारण सभेत ग्रिलचा एकच नमुना व रंग आधीच संमत करावा. गजांतील अंतर चार इंचांहून कमी असावे, मुलाला पाय रोवून चढता येईल असे आडवे गज नसावेत, आणि आगीच्या प्रसंगी एक भाग आतून मोठ्यांना उघडता यावा. या नमुन्यानुसार ग्रिल बसविणाऱ्याने केवळ लेखी सूचना द्यावी, प्रतीक्षा नको. इमारतीची एकरूपताही राहील आणि बालकेही सुखरूप राहतील.